तीन मिलिमीटरचं दार

आखातात थंडी आली हे कॅलेंडरवरून कळत नाही, एसीवरून कळतं. नोव्हेंबरातल्या एखाद्या दिवशी घरातलं कुणीतरी उठून बटण दाबतं आणि सात-आठ महिने अखंड चाललेली घरघर थांबते. मग घर ऐकू यायला लागतं. नळाचा थेंब, वरच्या मजल्यावर सरकवलेली खुर्ची, शेजारच्या फ्लॅटमधला खोकला. हे सगळं आधीही होतंच, फक्त त्यावर एसीचं पांघरूण होतं.

काल केतकीने तिच्या दुबईतल्या घरातला एसी बंद केला. केतकी माझी मुलगी. चाळिशी ओलांडलेली, डोळ्यांना चष्मा, ऑफिसातून आल्यावरही फोनवर ऑफिसच. मी दोन महिन्यांसाठी तिच्याकडे आले आहे. माझा नवरा, दिनकर, गुडघ्यांमुळे या खेपेला चिपळूणलाच राहिला. समोर मी त्याला 'अहो' म्हणते. कागदावर दिनकर म्हणते, कारण हा कागद कुणी माझ्या चुलत सासूबाईंना नेऊन दाखवणार नाही.

दुपारची वेळ होती. मी नातवाच्या खोलीत जरा आडवी झाले होते. स्वयंपाकघरात केतकीने चहा गाळला, आणि तो भिंतीपलीकडून मला अगदी स्वच्छ ऐकू आला. आधी गाळणं कपाच्या कडेवर टेकलं, मग धार पडली, मग चमच्याने चोथा दाबला. ती चहा माझ्यासारखाच गाळते. मी पडल्या पडल्या ते ऐकलं आणि मला ती थंडी आठवली, ज्या थंडीत आम्ही छकडा देऊन खोली घेतली होती.

छकडा आणि खोली ही आमच्या घरातली नावं. छकडा म्हणजे कॅम्पर ट्रेलर. दोन चाकांवरची एक लोखंडी पेटी आणि वर कॅनव्हासची घडी. जीपला मागे जोडून न्यायचा. मुक्कामाला पोचलं की झाकण उघडायचं, दोन्ही बाजूंच्या फळ्या खाली सोडायच्या, त्या झाल्या खाटा. मग मधला खांब उभा करायचा, कॅनव्हास ओढत न्यायचा, खुंट्या ठोकायच्या. दिनकर अबूधाबीजवळच्या मुसफ्फा या कारखान्यांच्या भागात एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये फोरमन होता. कायमचा मायदेशी निघालेल्या एका गोऱ्या इंजिनिअरकडून त्याने तो घेतला, तेव्हा केतकी दहा वर्षांची होती. आमच्या ओळखीच्या मराठी मंडळींना या खुळाचा अर्थच लागत नसे. वाळवंटात राहायचं आणि सुट्टीला परत वाळवंटातच जायचं? एका वहिनींनी तर मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "घरी सगळं ठीक आहे ना गं?"

ठीक होतं, पण घर लहान होतं. अबूधाबीत कंपनीने दिलेला फ्लॅट. एक बेडरूम, एक हॉल आणि दोघी उभ्या राहिल्या तर तिसरीने बाहेर थांबावं असं स्वयंपाकघर. आठ महिने खिडक्या बंद. थंडी पडली की आम्ही घराबाहेर पडायचो ते खिडकी बंद न करता झोपायला मिळावं म्हणून, बाकी निसर्गप्रेम वगैरे नंतर चिकटलं.

गुरुवारी अर्धा दिवस काम असायचं. दुपारी निघायचं, अल ऐनच्या रस्त्याला लागायचं, वाटेत एका कॅफेटेरियासमोर गाडीतूनच हॉर्न वाजवून कडक चहा आणि पराठे मागवायचे. मग जबल हफीतच्या पायथ्याशी, डांबरी रस्ता सोडून आत, खडीचं माळरान. तिथे आपल्या बाभळीच्या जातीची काटेरी झाडं आहेत, छत्रीसारखी वरून सपाट. त्यातलं एक झाड आमचं होतं. म्हणजे आम्ही तसं ठरवलं होतं. उंटांना ते मान्य नव्हतं.

त्या कॅनव्हासखाली सगळं एकच होतं. एका फळीवर दिनकर आणि मी, समोरच्या फळीवर केतकी, मधे हातभर जागा. दिनकर घोरायला लागला की मायलेकी तोंडावर हात धरून हसायचो. कुणी कूस बदलली की पूर्ण छकडा हलायचा. पहाटे इतकं दव पडायचं की कॅनव्हास पाण्यातून काढल्यासारखा जड व्हायचा. तो ओला तसाच गुंडाळून आणायचा आणि शनिवारी बिल्डिंगच्या गच्चीवर वाळत घालायचा. वॉचमन पठाण होता. तो दर वेळी म्हणायचा, "मॅडम, इदर तंबू मना है." मी दर वेळी म्हणायचे, "खलास, शाम को निकालती हूँ." ओल्या कॅनव्हासला बुरशीचा एक वास येतो. तो आमच्या सगळ्या कपड्यांना यायचा, आणि थंडी संपली की नाहीसा व्हायचा. एप्रिलमध्ये कधी मला त्या वासाची आठवण यायची, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं.

मग केतकी सोळा वर्षांची झाली.

"आय ॲम नॉट कमिंग," एका गुरुवारी तिने सांगून टाकलं. मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. आमच्या घरात ते काही भांडण धरलं जात नसे.

"का गं? काय झालं?"

"तिथे कपडे बदलायचे तर तू चादर धरून उभी राहतेस. घरी मी हॉलमध्ये झोपते. आय जस्ट वॉन्ट अ डोअर, आई. वन डोअर."

दिनकर पायात बूट घालत होता. इथे आल्यावर पहिली चार वर्षं, मी येण्याआधी, तो कंपनीच्या खोलीत सहा जणांत राहिला होता. दुमजली लोखंडी खाटा. खालच्या खाटेला त्याने लुंगीचा पडदा लावला होता, आणि त्या पडद्याआड बसून तो मला पत्रं लिहायचा. दाराचं महत्त्व त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पुढच्या ऑगस्टमध्ये, म्हणजे ज्या महिन्यात या देशात कुणीही शहाणा माणूस असल्या वस्तूकडे बघत नाही, तो मला मुसफ्फातल्या एका जुन्या गाड्यांच्या यार्डात घेऊन गेला. उन्हाने पत्रे तापले होते. त्या पत्र्यांच्या गर्दीत एक छोटा, पांढरा कॅरावॅन उभा होता. हीच पुढे आमची 'खोली'. दोन चाकं, ॲल्युमिनियमचं अंग, एका कोपऱ्यात चांगला पोचा, खिडकीचं रबर उन्हाने चिरलेलं. आत एक दोन शेगड्यांचा गॅस, भांडी विसळण्याएवढं बेसिन, खाली दाबलं की पलंग होणारं टेबल आणि कपाटं. कपाटं! छकड्यात मी सहा वर्षं सगळं पिशव्यांत ठेवलं होतं.

"जीप ओढेल का हो हे?" मी विचारलं.

"जपून भरलं तर ओढेल," दिनकर म्हणाला.

त्याने किल्ली माझ्या हातात दिली. हे सांगताना मला आजही थोडं हसू येतं, पण तेव्हा मी खरोखर हरखले होते. आमचा फ्लॅट कंपनीचा, फ्लॅटची किल्ली कंपनीची, व्हिसाही कंपनीचाच. चिपळूणचं घर सासऱ्यांचं. लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर माझ्या हातात पहिल्यांदा अशा दाराची किल्ली आली जे दार आमचं होतं, आणि ते चाकांवर होतं. छकडा वर्कशॉपमधल्या एका गोवेकराने नेला. तो ओढून नेताना केतकीने खिडकीतून पाहिलं आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. मी मात्र तो कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत उभी होते.

सप्टेंबरभर दिनकर काम सुटल्यावर यार्डात थांबून खोली दुरुस्त करत होता. मागच्या बाजूला त्याने आडवी खाट बसवली आणि तिच्यापुढे अठरा मिलिमीटरच्या जाड बोर्डाची भिंत उभी केली, तिला सरकतं दार. आतून कडी. केतकीने ती कडी तीन वेळा लावून काढून पाहिली आणि म्हणाली, "थँक यू, बाबा." एवढंच, पण मराठी सूर लावून.

आणि मी माती खाल्ली. कपाटं मिळाल्यावर बाईच्या हाताला काय होतं ते बायकांना सांगायला नको. मागच्या कपाटात मी तांदूळ, डाळी, पिठाचा स्टीलचा डबा, कुकर, पोळपाट आणि लोणच्याच्या दोन चिनी मातीच्या बरण्या भरल्या. दोन दिवसांच्या मुक्कामाला बरण्या कशाला, असं कुणीही विचारेल. पण तो मुक्काम नव्हताच माझ्या लेखी, ते घर होतं. घरात बरणी असते. पहिल्याच फेरीला, अल ऐनच्या रस्त्यावर एक लांब ट्रक आमच्या शेजारून गेला आणि खोली मागे डोलायला लागली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, आणि प्रत्येक झोक्याला जीपचं शेपूट आपल्याबरोबर ओढत. दिनकरने ब्रेक लावला नाही, फक्त पाय वर घेतला आणि स्टिअरिंग घट्ट धरलं. गाडी थांबली. मग तो उतरला, मागचं कपाट उघडलं आणि बरण्यांकडे बघत उभा राहिला.

"सगळं वजन चाकांच्या मागे टाकलंयस," तो म्हणाला. "हे पुढे घ्यायला लागेल."

"पुढे कुठे? पुढे टेबल आहे."

"मग घरी ठेव."

मी डबे पुढे घेतले, कुकर पुढे घेतला. बरण्यांवर मात्र अडून बसले. दिनकर भांडणारा माणूस नव्हे. पुढच्या आठवड्यात त्याने गुपचूप तो जाड बोर्ड काढला आणि त्या जागी तीन मिलिमीटरचा प्लाय लावला. दारालाही तोच. तेवढंच मागचं वजन उतरलं. वर पांढरा रंग मारला. दिसायला भिंत तशीच, दार तसंच, कडीही तीच. खोली त्यानंतर कधी डोलली नाही, आणि माझ्या बरण्या जागच्या जागी राहिल्या.

ती थंडी केतकीच्या बारावीची. तेव्हा इथल्या मराठी घरांत एक वहिवाटच पडली होती. मूल बारावी झालं की त्याला कॉलेजसाठी देशात पाठवायचं, आणि बहुतेक घरांत आई त्याच्याबरोबर जायची. पुण्यात एक फ्लॅट भाड्याने घ्यायची, डबे करायची, मुलीवर लक्ष ठेवायची. नवरा इथला फ्लॅट सोडून पुन्हा कुणाच्या तरी खोलीत, तिघाचौघांत, शेअरिंगला. याला 'फॅमिली पाठवली' म्हणायचे. पार्सल पाठवल्यासारखं. त्या वर्षी आमच्या ओळखीतल्या तीन घरांनी फॅमिली पाठवली होती. मंडळाच्या हळदीकुंकवाला प्रत्येक बाई मला तेच विचारायची, "मग तू कधी जाणार?" जाणार का, असं कुणी विचारत नसे. तर त्या पूर्ण थंडीत आमच्यापुढे हा एकच प्रश्न होता: मी केतकीबरोबर जायचं, की दिनकरपाशी राहायचं.

खोली मात्र छान होती. पोचायचं, चार कोपऱ्यांचे पाय खाली सोडायचे, दिनकर पाणसळ ठेवून बुडबुडा मधे येईपर्यंत चाकाखाली फळ्या सरकवायचा, आणि झालं घर. खुंट्या नाहीत, ओला कॅनव्हास नाही, गच्चीवर पठाणाशी हुज्जत नाही. केतकी उतरायची, आत जायची, दार सरकवायची. कडीचा आवाज यायचा. मग जेवायला बाहेर. मग पुन्हा कडी. अभ्यास होता, खरंच होता. मी तक्रार करत नाही. तिला दार हवं होतं, आम्ही आणून दिलं, ती ते वापरत होती.

एकदा बाहेर खुर्च्यांवर बसलो असताना मी दिनकरला म्हटलं होतं, "छकड्यात तिच्या पायाचा अंगठा दिसायचा तरी." तो हसला नाही.

पहाट मात्र आमची, दोघांची. शुक्रवारी उजाडायच्या आधी मी उठायचे, पुढच्या बाजूला गॅस पेटवायचे. काचेवर धुकं. दिनकर टेबलापाशी अंगावर शाल घेऊन. आम्ही बोलायचो. अबूधाबीतल्या घरी आम्ही जे काही खाजगी बोललो ते बारा वर्षं एसीच्या आवाजाखाली बोललो होतो. हॉलमध्ये मूल झोपलेलं असताना हळू बोलायचं, बाकीचं तो एसी बघून घेतो, अशी सवय पडलेली. आवाज किती ठेवायचा हे आता आम्ही ठरवत नव्हतो, ते घसाच ठरवायचा. आणि इथे तर दारही होतं, कडी लावलेलं. माळावर मात्र एसी नव्हता. तिथे आवाज म्हणून काही नव्हताच. हे आमच्या दोघांच्या डोक्यात कधीच आलं नाही, एकदाही नाही.

जानेवारीतली एक पहाट. धुकं एवढं की झाड दिसत नव्हतं.

"तू जा तिच्याबरोबर," दिनकर म्हणाला. "मी राहीन शेअरिंगमध्ये. सवय आहे मला."

"कसली सवय? तिशीत होती ती सवय. आता पन्नाशी आली."

"लुंगी अजून आहे," तो म्हणाला. चेष्टाच होती, पण दोघांनाही हसू आलं नाही.

मी चहा ढवळत राहिले. मग म्हणाले, "खरं सांगू? मला नाही जायचं."

त्याने शाल खांद्यावर ओढून घेतली.

"अहो, मला चौथ्या टेस्टला गाडीचं लायसन्स मिळालंय. क्लिनिकमध्ये रिसेप्शनला माझी खुर्ची आहे, लोक मला नावाने विचारत येतात. तिथे जाऊन मी काय करू? चार खोल्या पुसू आणि कॉलेजातून ती कधी येते ते बघत बसू? त्यात दर शनिवार-रविवारी सासरचं कुणीतरी येणार, मी पुन्हा पदर खोचून उभी. ही मुलगी दार लावून बसते, तिला माझी गरज आहे असं तुम्हाला तरी वाटतं का?"

"मग नको जाऊस."

"असं कसं नको जाऊ? आई आहे ना मी. जावंच लागेल."

मग मी चहा गाळला. आधी गाळणं, मग धार, मग चमच्याने चोथा दाबला. दोन कप टेबलावर ठेवले, तिसरा हातात घेऊन केतकीच्या दारावर टकटक केली. ती उठलेली होती. समोर पुस्तक उघडं होतं.

असं आम्ही त्या थंडीत बऱ्याच पहाटे बोललो. शब्द थोडे पुढेमागे, मजकूर तोच. मी नको म्हणायचे आणि शेवटी जावंच लागेल म्हणायचे. जाण्याची तयारीही करत होते. पुण्यातल्या नणंदेला फ्लॅट बघायला सांगितलं होतं. मी त्यागाला निघाले होते, आणि त्यागाला निघालेल्या माणसाची थोडी ऐट असते, ती मला चढली होती.

फेब्रुवारीतली शेवटची फेरी. परीक्षा दोन आठवड्यांवर. सकाळी मी पोहे केले होते. ऊन कोवळं होतं, टेबल बाहेर मांडलं होतं. कडी वाजली, केतकी बाहेर आली, केस बांधलेले, जणू शाळेलाच निघाली आहे. उभ्या उभ्याच म्हणाली, "मी हॉस्टेलचा फॉर्म भरलाय. बाबा, तुमची सही हवी आहे. आई, प्लीज डोन्ट कम. मला एकटीला राहायचंय."

दिनकरने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "बरं."

मग पोह्यांवर खोबरं घातलं, लिंबू कापलं, तिघांनी खाल्ले. नंतर भांडी घेऊन झाडामागे गेले आणि पाणी वाचवायचं म्हणून वाळूने घासत बसले. तिथे मला रडू आलं. पोटच्या मुलीने तोंडावर सांगितलं, येऊ नकोस. जिच्यासाठी मी सगळं सोडायला निघाले होते तिला मी नको होते. दाराची सवय आम्हीच लावली, आता ते कायमचं लागलं, असं मला वाटलं. कुकर घासून घासून चकचकीत झाला.

ती जूनमध्ये गेली. मी राहिले. फ्लॅट राहिला, क्लिनिक राहिलं, दिनकरची लुंगी कपाटात राहिली. मंडळातल्या बायकांना मी सांगायचे, "तिलाच नको होतं हो, आजकालच्या मुली." त्यातला दुखावलेला सूर खरा होता आणि तो मी पुढेही जपून ठेवला. शुक्रवारी फोनचं कार्ड खरवडून हॉस्टेलला फोन लावायचा. ती म्हणायची, आय ॲम फाइन. मी म्हणायचे, बरं. खोली त्यानंतरच्या दोन थंड्यांत मिळून चार वेळा बाहेर निघाली असेल. दोघांना एवढी जागा काय करायची असते? मागच्या खाटेवर आम्ही पाण्याचे कॅन ठेवायला लागलो.

तिसऱ्या थंडीच्या अखेरीला दिनकरने ती विकायला काढली. थॉमस नावाचे एक केरळी गृहस्थ बघायला आले. त्यांच्या घरी दोन लहान मुलं होती. मुसफ्फाच्या यार्डातच, शुक्रवारी, तिन्हीसांजेला. शुक्रवारी वर्कशॉपं बंद असतात, तिथे चिटपाखरू नसतं. दिनकर पुढच्या बाजूला त्यांच्यासाठी चहा टाकत होता. मी मागे गेले, दाराची आतली बाजू पुसायची म्हणून ते सरकवून घेतलं. पुसून झालं. कंबर भरून आली होती म्हणून खाटेवर टेकले, आणि मग सरळ आडवीच झाले. तीन वर्षांत त्या खाटेवर मी पहिल्यांदाच पाठ टेकली होती.

पलीकडे थॉमसनी आवाज अगदी खाली आणून विचारलं, "भाई, सच बोलना, पानी टपकता है क्या?"

दिनकरही तेवढाच हळू म्हणाला, "छत से नहीं. खिड़की से थोड़ा."

मी ऐकत होते. जणू ते दोघं माझ्या उशाशी बसून बोलत होते. मग गाळणं कपाच्या कडेवर टेकलं. धार पडली. चमच्याने चोथा दाबला.

मी उठले नाही. हात लांब करून भिंतीवर बोटाने वाजवून पाहिलं. डब्याच्या झाकणासारखी वाजली. या भिंतीपलीकडे बसून मी काय काय बोलले होते ते मला एकेक करून आठवायला लागलं, आणि आठवताना मी केतकीच्या जागी पडलेली होते. मला नाही जायचं. लायसन्स. खुर्ची. दार लावून बसते, तिला माझी गरज आहे असं वाटतं का. आई आहे ना, जावंच लागेल. सतरा वर्षांची मुलगी, अंगावर रजई, समोर पुस्तक. शुक्रवारमागून शुक्रवार. तिने मला हाकललं नव्हतं, मला सोडवलं होतं. मला लाज वाटली.

"अगं, झालं का?" दिनकरने दारावर टकटक केली.

"झालं," मी म्हटलं. त्याला मी हे त्या दिवशी सांगितलं नाही, नंतरही नाही. तो जाड बोर्ड त्याने का काढला हे त्याला आठवलं असतं, आणि ते माझ्या बरण्यांपर्यंत आलं असतं. केतकीलाही विचारलं नाही. विचारून काय करणार होते? ती सुखात होती, पुढे नोकरीसाठी इथेच परत आली, लग्न केलं, मूल झालं. काही गोष्टी न विचारता निभतात, असा मी सोयीचा समज करून घेतला. वीस वर्षांहून जास्त काळ तो मला पुरला.

काल दुपारी मात्र एसी बंद झाला आणि तो आवाज आला. मी उठून स्वयंपाकघरात गेले. केतकीने दोन कप ओट्यावर ठेवले होते. नातू त्याच्या आईबाबांच्या खोलीत दार लावून कुणाशी तरी खेळत होता, संगणकावर.

"केतकी," मी म्हटलं, "खोलीत तुला ऐकू यायचं ना गं? पहाटेचं?"

कुठली खोली, असं तिने विचारलं नाही.

"एव्हरी वर्ड," ती म्हणाली. चेहरा शांत. "मी अभ्यास वगैरे काही करत नव्हते. तू चहा गाळलास की मी पटकन पुस्तक उघडायचे, कारण मग तू दार वाजवायचीस."

"म्हणून म्हणालीस, येऊ नकोस."

"तुला यायचं नव्हतं."

"नव्हतं," मी म्हटलं. एवढं कबूल करायला मला एवढी वर्षं लागली, आणि निघालं ते एका शब्दात. "पण तुझं चांगलं झालं ना सगळं? तुलाही एकटीलाच राहायचं होतं."

केतकीने गाळणं नळाखाली धरलं, चोथा झटकला, गाळणं जागेवर टांगलं.

"मला तू हवी होतीस, आई," ती म्हणाली. मराठीत म्हणाली. "मी तीन आठवडे पाठ करत होते ते वाक्य. मला वाटलं, मी असं म्हटलं की तू रागावशील, भांडशील. एकदा तरी म्हणशील, काहीही झालं तरी मी येणार. मग मी हो म्हटलं असतं. तू म्हणालीस, बरं."

"लगेच म्हटलं का गं मी?"

"इमिजिएटली," ती म्हणाली, आणि थोडी हसली, आणि माझा कप माझ्यापुढे सरकवला.

मी कप हातात धरला. चहा निवेपर्यंत आम्ही दोघी ओट्याशी तशाच उभ्या होतो. घर एवढं शांत होतं की माझा श्वाससुद्धा तिला ऐकू जात असणार, आणि तो झाकायला एसी नव्हता, हे या वेळी मला ठाऊक होतं.